पोतेऱ्याला कोण मारणार?

आमच्या ओटीवर पापड लाटायला बसलं की संध्याकाळपर्यंत दोन ढीग तयार होतात. एक पापडांचा, दुसरा किश्शांचा. पापड वाळले की डब्यात जातात. किश्शांना डबा नाही. मी बोलते कमी, म्हणून ते सगळे माझ्याकडेच साठत गेले. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, पण साठा एखाद्या आजीबाईला पुरेल एवढा!

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. ओटीवर आम्ही चौघी. सासूबाई, थोरली जाऊ मनीषावहिनी, शेजारच्या शांतामावशी आणि मी. समोर खिडकीत टीव्ही, तोंड बाहेर केलेला. हात पोह्याच्या पापडावर, डोळे टीव्हीवर. गेल्या उन्हाळ्यात दुपारी एका चॅनलवर एक सुपरहिरोंची मालिका लागायची. इंग्रजी सिनेमे, हिंदीत बोलणारे. तीन भाग आम्ही इतक्या वेळा पाहिले की डायलॉग आधी आमच्या ओटीवर व्हायचा आणि मग टीव्हीत!

चौथा आणि शेवटचा भाग थिएटरात येणार होता. त्यात व्हिलन मरणार हे नक्की होतं. प्रश्न एवढाच, की मारणार कोण?

* * *

त्या सगळ्यांची खरी नावं भलती अवघड. जीभ वळेना, म्हणून ओटीवरच बारसं झालं.

वाऱ्यावर उडणारा देखणा हिरो, तो 'तुफान'. कुणालाच न दिसणारी बाई, ती 'छाया'. आणि म्हातारा, पाठीवर दगडासारखी ढाल वागवणारा, सावकाश चालणारा, तो 'कासव'.

व्हिलनचं नाव मात्र जमेना. तो ज्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा, त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. आईबाप, घरदार, स्वतःचं नाव, काही म्हणून आठवायचं नाही.

शांतामावशींनी लाटणं थांबवलं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "पोतेरं हाय मेला!"

झालं. त्या दिवसापासून अख्खं जग ज्याला घाबरतं, तो आमच्याकडे पोतेरं!

* * *

मावशींचं मत पहिल्या दिवसापासून ठाम. तुफान.

"का पण?" वहिनींनी विचारलं.

"केस बघ गो त्याचे! एवढा उडतो, एवढा पडतो, पण भांग मोडत नाय. असा माणूस हरंल का?"

सासूबाई कासवाच्या. "तो काय बोलत नाय, दाखवत नाय. सगळ्यांचा मार आपल्या पाठीवर घेतो. मान त्यालाच मिळायला पायजे."

आणि वहिनी छायाच्या. त्या हे सांगताना पापड इतक्या जोरात लाटायच्या की तो पोळपाटाबाहेर जायचा. "सगळं तीच करते. कुलपं तीच उघडते, बातमी तीच आणते, मरता मरता सगळ्यांना वाचवते तीच. आणि शेवटी टाळ्या कुणाला? उडणाऱ्याला! घरात असून कुणाला दिसत नाय ती!"

मावशींनी वहिनींचा पापड पोळपाटावर परत सरकवला.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "मनीषा, चा टाकू का गो तुला?"

* * *

सासरे या सगळ्याच्या पलीकडले. शेतावरून यायचे, पाय धुवायचे आणि टीव्हीकडे न बघता म्हणायचे, "लागला काय पोरखेळ?"

एकदा वैतागून त्यांनी ऐन मारामारीत टीव्ही बंद केला. "वालाच्या शेंगा वाळल्यात त्या कोण खुडणार? हा तुफान येणार काय?"

मावशी म्हणाल्या, "तुफान नाय यायचा. कासव येईल. पण शेंगा खुडंपर्यंत पुढचा हंगाम लागंल!"

सासऱ्यांनी टीव्ही पुन्हा लावला आणि निमूट शेताकडे गेले. जाताना चालले मात्र कासवासारखेच. उंबऱ्यापाशी चपला घालायला चांगली पाच मिनिटं लागली. तोवर मारामारी संपलेली होती.

* * *

आता माझा गुन्हा सांगते.

निलेश, म्हणजे माझा नवरा, धाटावला कंपनीत आहे. शेवटचा भाग आला त्या आठवड्यात त्याची नाइट शिफ्ट होती. सकाळी घरी आला, डोळे लाल, आणि चहा पिता पिता कुजबुजला, "पनवेलला लागलाय. आज जायचं?"

लग्नानंतर आम्ही दोघं मिळून कुठे गेलोच नव्हतो. देवाला गेलो तेव्हा मागे सात माणसं होती! पण घरात ठरलेलं होतं की पेणला सिनेमा आला की चौघींनी मिळूनच बघायचा. सीझनभर वाद घालायचा आणि शेवट मी एकटीने आधी बघून यायचा, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"आई, आम्ही जरा रोह्याला माहेरी जाऊन येतो," मी सासूबाईंना म्हटलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब खोटं. रोहा दक्षिणेला, पनवेल उत्तरेला! गाडी गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळली तेव्हा मी ओढणीने तोंड झाकून घेतलं. मावशी नेमक्या कोपऱ्यावर भाजी घेत होत्या. निलेशने त्यांना चक्क हात केला!

सिनेमा बघितला. कासवाने छायाला वाचवण्यासाठी पोतेऱ्याचा हात आपल्या डोक्यावर घेतला. सगळं विसरला. मग छायाने पोतेऱ्याला मारलं, आणि धावत कासवाकडे आली, तर तो हसून विचारतो, "बाळा, तू कोण?"

ओढणी भिजली. शेजारी निलेश गाढ झोपला होता. नाइट शिफ्ट!

* * *

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर बसणं म्हणजे शिक्षा. तिघी तावातावाने भांडताहेत, आणि उत्तर माझ्या तोंडात!

"तू काय बोलत नाय गो?" मावशी विचारायच्या.

"ऐकतेय," मी म्हणायचे. आयुष्यभर कमी बोलल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

एवढ्यात माझ्या आईचा फोन आला. तोही सासूबाईंच्या मोबाइलवर! सासूबाई फोन घेऊन आत गेल्या. मला फक्त इकडचं बोलणं ऐकू येत होतं.

"हां, बोला विहीणबाई... नाय, बरी हाय... कवा? लग्नानंतर एकदाच?... हां... हां..." मग एकदम, "येईल हो! पापडाची घाई हाय ना, म्हणून ऱ्हायलं."

त्या बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं. पोळपाट पुढे ओढला.

"आई बरी हाय तुझी," म्हणाल्या. "लाट आता. जाड व्हतायत."

बस्स, एवढंच. ओरडल्या असत्या तर निदान जेवण तरी गेलं असतं. त्या रात्री आमटीसुद्धा त्यांनी मलाच आधी वाढली. यापेक्षा भयंकर काय असतं?

* * *

सिनेमा अखेर पेणला येणार असं कळलं, आणि मावशींनी पैज लावली.

आधी पीठ कुटण्याचं सांगायला हवं. पोह्याचं पीठ नुसतं मळून भागत नाही. तेलाचा हात लावून उखळात कुटावं लागतं, घट्ट, चिवट होईपर्यंत. दहा मिनिटांत हात भरून येतात. ते काम आम्ही आळीपाळीने करायचो.

"ज्यांचा हिरो पोतेऱ्याला मारनार नाय," मावशी म्हणाल्या, "त्यांनी उरलेला सीझन पीठ कुटायचं. जिंकतील त्यांनी नुसतं लाटायचं. बोला! मी तुफान."

"छाया," वहिनी.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. कासव म्हणणार हे ठरलेलंच होतं.

"छाया," सासूबाई म्हणाल्या.

"अगो सुमन! दोन महिने कासव कासव करत व्हतीस की!" मावशी सासूबाईंवर उखडल्या.

"माणसाचा विचार बदलतो," सासूबाई पिठाला तेल लावत म्हणाल्या. "मनीषा बरोबर बोलते. बाई राबते तर मान बाईला."

वहिनींना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. मग तिघी माझ्याकडे वळल्या.

आता बघा. मला शेवट माहीत. छाया म्हणाले तर ती लबाडी. तुफान म्हणाले तर निव्वळ मूर्खपणा. आणि डोळ्यांसमोर सारखा तो म्हातारा, हसून विचारणारा. ज्याच्या बाजूला दोन महिने सासूबाई होत्या, त्याच्या बाजूला आता कुणीच नव्हतं.

"कासव," मी म्हटलं.

सासूबाईंचा हात पिठात थांबला.

"विचार कर हां," त्या म्हणाल्या. "हात लई भरून येतात."

"असू दे, आई."

"बघ बाई," म्हणाल्या आणि पुन्हा तेल लावायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी पिठाला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तेल लावलं. कुटायला मऊ जावं इतकं.

* * *

शनिवारी दुपारच्या खेळाला चौघी निघालो. नव्या साड्या, पर्समध्ये चकल्या. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्हीच जा. मला नाय असला पोरखेळ बघायचा," आणि पेपर तोंडासमोर धरला.

थिएटरात क्रमाने मावशी, वहिनी, मी आणि टोकाला सासूबाई. तुफान आल्यावर मावशींनी अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या मुलांनी उठून त्यांना मान दिला. छाया आली की वहिनी माझा हात दाबायच्या. माझी मात्र कसरत. मला दचकायचं होतं, हसायचं होतं, 'अगंबाई' म्हणायचं होतं, आणि सगळं वेळेवर! मी तिघींवर नजर ठेवून होते. त्या दचकल्या की मी दचकायचे.

मध्यंतरापर्यंत निभावलं. वहिनी म्हणाल्यासुद्धा, "किती रंगून बघतेस गो!"

मग तो प्रसंग आला. कासव भिंतीवर बसून संत्रं सोलतोय. छायाला काहीतरी विनोद सांगतोय. एक फोड तोंडात, एक तिला. सगळं थिएटर खदाखदा हसतंय. वहिनी हसताहेत, मावशींचं तर पोट धरून चाललंय.

आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. रुमाल डोळ्यांपर्यंत नेला, आणि मी जागच्या जागी थिजले. अजून काहीच झालेलं नव्हतं! पोतेरं अजून तिथे पोचलंही नव्हतं!

आता संपलं, असं म्हणत मी हळूच सासूबाईंकडे पाहिलं.

त्या पदराचं टोक डोळ्यांना लावून मुसमुसत होत्या.

पडद्यावर संत्रंच चाललं होतं.

आमची नजरानजर झाली. माझ्या हातात रुमाल, त्यांच्या हातात पदर. आजूबाजूला दोनशे माणसं हसताहेत. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा मावशींकडे. मग माझ्या कानाशी झुकल्या.

"शांताला बोलू नको हां," म्हणाल्या. "आनि तुझ्या सासऱ्यांना तर पनवेलला दोन रुमाल लागले."