तीन-अ नंतरचा डबा

"टक्कर झाली हे बोलणाऱ्याला त्याचं बोलणं संपायच्या आत कळायला हवं, उशिरा कळलं तर तो समजतो, आपलं पोचलं," असं ऊई स्यू खिम एकदा रोस्नाला म्हणाली होती.

विषय कारखान्यातले संगणक जोडणाऱ्या तारेचा होता, आणि ती तार सांभाळायचं काम स्यू खिमचं. रोस्ना पॅकिंगच्या संगणकावर बसायची, वयाने मोठी होती. स्यू खिमला ती 'अमोय', म्हणजे पोरी, म्हणायची. ती म्हणाली, "अमोय, हे तर माझ्या नवऱ्याचं झालं. माझा राग त्याला कळेपर्यंत त्याचं जेवून झोपून झालेलं असतं."

बायान लेपासच्या त्या कारखान्यात पत्र्याचे बारीक सुटे भाग बनत. सगळे संगणक एकाच जाड पिवळ्या तारेवर होते. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. दोघे एकदम बोलले की दोघांचंही बोलणं नासायचं आणि दोघांनी थांबून पुन्हा सुरुवात करायची. तार लांबली की आवाज थकतो, म्हणून मध्ये रिपीटरचा डबा बसवायचा. डब्याला काही समजत नाही. ऐकलेलं तो मोठ्याने पुन्हा म्हणतो, एवढंच. पण म्हणायला क्षणभर घेतो. असे क्षण साचत गेले की टक्कर झाल्याची खबर उशिरा पोचते. म्हणून कुठल्याही दोन संगणकांच्या मध्ये फार तर चार डबे. पाचवा नाही.

मालक तियो बून ल्योंग हे स्यू खिमच्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर तियोअंकलनीच तिला शिकवलं, नोकरी दिली. लग्न न झालेल्यांना चिनी नववर्षाला मोठ्यांकडून पैशांचं लाल पाकीट मिळतं. चौतिसाव्या वर्षीही ती दोन्ही हातांनी ते घ्यायची आणि मान खाली घालायची. त्या घरात तिला नाही म्हणता येत नसे. अंकल म्हणायचे, "मागच्या गोदामातही तार ने गं." ती म्हणायची, "अंकल, चार डबे झाले." ते गोदामाचा विषय सोडून द्यायचे. तिचं नाही त्या तारेने म्हणायचं.

मग इपोहच्या तंत्रशाळेत शिकवायची जागा निघाली. इपोहला तिची आई एकटी होती. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. अंकल रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"जा की. मी कोण अडवणारा? पण तार शहाणी करून जा. तुझ्यावाचून आठवडाभर नीट चालली, की मी स्वतः गाडीने सोडीन तुला."

तंत्रशाळेत बोलणं पक्कं करून ती परत आली, तर नव्या पॅकिंगच्या इमारतीचं उद्घाटन उरकलेलं. रोस्नाचा संगणक तिथे हलला होता आणि वेडा झाला होता. शेजारच्या खोलीशी नीट बोलायचा. दुसऱ्या टोकाच्या हिशेबखात्याला पाठवलेलं मात्र कधी पोचायचं, कधी हवेत विरायचं. स्यू खिम तारेच्या कडेने चालत गेली. कोपऱ्यात नवा डबा लुकलुकत होता.

"चार चालतात म्हणालीस ना?" तियोअंकल म्हणाले. "मी चौथाच लावला."

"हा पाचवा आहे, अंकल."

"कसा? एक, दोन, तीन. तीन-अ म्हणजे तीनचंच पिल्लू!"

चार हा आकडा अशुभ, चिनी भाषेत त्याचा उच्चार मरणासारखा, म्हणून कारखान्यात कशावरच तो लिहायचा नाही हा अंकलचाच नियम. जिन्यावर नाही, लोखंडी कपाटावर नाही. चौथ्या डब्यावर तिने स्वतःच्या हाताने तीन-अ अशी चिठ्ठी डकवली होती.

"पण तुम्ही या नव्यावर पाच लिहिलंय की, साहेब," रोस्ना म्हणाली.

"मग काय चार लिहू? बाई, तुला माझं वाईट व्हावं असं वाटतंय का?"

रोस्ना तोंडावर ओढणी धरून हसली. स्यू खिमला हसू आलं नाही. तिला रुजू व्हायला उरलेले दिवस संपताना दिसत होते.

"ब्रिज घ्या, अंकल," ती म्हणाली. "तो डब्यासारखा नसतो. आख्खं बोलणं ऐकून घेतो, कुणासाठी आहे ते बघतो, आणि पलीकडच्यासाठी असेल तरच पलीकडे सोडतो. अलीकडची टक्कर अलीकडेच राहते. दोन्ही बाजूंचे डबे वेगळे मोजायचे."

एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. ब्रिज सिंगापूरहून आला. दोनच्या आणि तीनच्या मध्ये तिने तो बसवला, आणि तार निवळली. तो आठवडा ती आपल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. कुणी बोलावलं नाही. रोस्ना येता-जाता डोकवायची. "इपोहचे पोमेलो, ते मोठाले पपनस, पाठव बरं का. गोड बघून. तुझ्यासारखे आंबट नकोत."

आठवडा भरला. तियोअंकलनी तिला कँटीनमध्ये बोलावलं, तिच्यापुढे कोपीचा, म्हणजे दाट काळ्या कॉफीचा, पेला सरकवला, केळीच्या पानात बांधलेला नासी लेमाक, नारळाच्या दुधातला भात, उलगडून दिला. ते लहान मुलासारखे खुशीत होते.

"त्या ब्रिजच्या पुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणालीस?"

"हो."

"आणि पुढे आणखी एक ब्रिज लावला तर?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. "पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली.

"असे किती?"

"सातापर्यंत चालतात."

"सात!" अंकलनी मांडीवर थाप मारली. "अगं, सात मला मरेपर्यंत पुरतील. शेजारची जागा मी घेतलीय. तिथे मुलामा देण्याची शेड. मागे गोदाम. त्याच्या मागे आणखी. उगाच इतकी वर्षं चारात अडकलो आपण."

"अंकल, इपोह..."

"इपोह कुठे पळून जातंय? आईला इथे आण. खोली मी देतो. तुझा बाप आज हवा होता, स्यू खिम."

तिला समोर ती तार दिसली. शेडमधून गोदामात, गोदामातून माळावर, दर थोड्या अंतरावर एक डबा, ऐकलेलं पुन्हा म्हणणारा. कुठेही शेवटची भिंत नाही. टेकायला होती ती एकच भिंत, चार डब्यांची, आणि ती तिनेच ब्रिज मागून घेऊन पाडली होती.

"खा ना," अंकल प्रेमाने म्हणाले. "शेडच्या भूमिपूजेला चांगला दिवस काढलाय. तोवर मोजमाप कर. बोल, कधी सुरू करतेस?"

तिने ओठ उघडले. शेजारच्या टेबलावरची रोस्ना खायची थांबली. पंख्याखाली केळीचं पान फडफडत होतं. अंकल मान कलती करून वाट बघत होते, चेहऱ्यावर तेच हसू, नववर्षाचं.

स्यू खिमने खुर्ची मागे सारली. अंकलना वाटलं, मोजपट्टी आणायला निघाली. ती आपल्या खोलीच्या दारावरून तशीच पुढे गेली, फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात उचलला तिकडेही तिचं लक्ष गेलं नाही, आणि भर दुपारच्या उन्हात ती इपोहच्या रस्त्याला लागली.