काजात बसणारी गोळी

कपडे शिवणाऱ्या मास्तरांच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा बरेच दिवस त्यांनी तो खिशात लपवला. पण खिशात हात घालून शिवण होत नाही. शेवटी बायकोने त्यांना मेंदूविकारांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी शिंप्याला कळेल असं सांगितलं. मेंदूतल्या पेशींवर काजं असतात आणि त्यांत बसणारी बटणं, म्हणजे एक रसायन, मेंदू स्वतःच बनवतो. मास्तरांची ही बटणं कमी पडू लागली होती. गोळी म्हणजे बाहेरून आणलेलं त्याच मापाचं बटण.

गोळी लागू पडली. मास्तर पुन्हा सुईत दोरा ओवू लागले. मुलीला नोकरी लागली होती, पुढच्या महिन्यात ती रुजू होणार होती. तिच्यासाठी त्यांनी कोट शिवला. कॉलर मनासारखी बसली नाही म्हणून उसवली. पुन्हा शिवली, पुन्हा उसवली. मग गिऱ्हाइकांचे तयार सदरेही उसवायला घेतले.

"आधी हात ऐकत नव्हता, आता तुम्ही ऐकत नाही," बायको म्हणायची. मास्तर हसण्यावारी न्यायचे. पण उसवायचं थांबवलं की जीव कासावीस होतो, हे त्यांनाही कळत होतं.

तपासणीला जाताना त्यांनी बायकोला बजावलं, यातलं अक्षरही काढायचं नाही. हे गोळीमुळेच होतंय म्हणून बाईंनी ती बंद केली तर हात गेला, आणि हाताबरोबर धंदाही.

बाईंनी हात पाहिला, खूश झाल्या. आणखी काही त्रास आहे का, असं विचारल्यावर मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. बायकोने पिशवीतून कोट काढून टेबलावर ठेवला. सुईच्या भोकांनी कॉलरची चाळण झाली होती.

बाई कॉलरवरून बोट फिरवत राहिल्या. "त्याच मापाची काजं मेंदूत दुसरीकडेही असतात, जिथे माणसाला ओढ लागते तिथे. गोळी तिथेही जाऊन बसलीय, म्हणून उसवायची ओढ सुटत नाही. दोष तुमचा नाही, मास्तर. आपण ती हळूहळू कमी करू."

"आणि हात?"

"थोडा थरथरेल. जोडीला दुसरं औषध देते, पण थरथरेल."

मास्तरांनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "करा कमी," ते म्हणाले.

कंप थोडा परतला. दोरा आता बायको ओवून देते, कुरकुरत. कोटाला नवी कॉलर लागली, पण एका टोकाशी शिवण जराशी वाकडी गेली. मास्तरांचा हात कात्रीकडे गेला. बायको बघत होती. त्यांनी उरलेला दोरा तेवढा कापला आणि मुलीला हाक मारली.

"घालून बघ," ते म्हणाले. "आणि काही वाकडं दिसलं तर मला सांगू नकोस."