आट्यांतला मळ

आमचे हे, म्हणजे प्रभंजन, धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार आहेत आणि जन्माचे भित्रे आहेत. नवऱ्याबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण हे स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तर मी कशाला झाकून ठेवू? पोरवयात अळनावरजवळच्या गावी शेताच्या बांधावर त्यांचा पाय घोणशीवर पडला. हातातली पत्र्याची बॅटरी नेमकी तेव्हाच विझली होती. माणूस वाचला, भीती मात्र हाडात मुरली. तेव्हापासून बॅटरीशिवाय हे घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. भर दुपारी कोर्टातसुद्धा ती पँटीच्या खिशात असतेच. बॅटरी म्हणजे टॉर्च हो. आतल्या सेलला आम्ही सेलच म्हणतो.

नवी बॅटरी घरी आली की तिची परीक्षा सुरू. आधी ती गच्चीवरून खालच्या शहाबादी फरशीवर टाकायची. मग दिवसभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. जिच्या काचेला तडा गेला नाही आणि पोटात पाणी शिरलं नाही, तीच या घरात नांदणार. मला बघायला आले होते तेव्हा चहा पिऊन होकार देऊन गेले, एवढं काही पारखलं नव्हतं. पास झालेली बॅटरी मग हे उघडत. आतल्या स्प्रिंगला तांब्याची तार डाख देऊन जोडत, म्हणजे करंट जास्त जातो. मूळचा दिवा बदलून दुप्पट ताकदीचा बसवत. आणि गरम झाल्यावर उजेड आपोआप मंद होण्याची जी सोय कंपनीनं दिलेली असते, ती सगळ्यात आधी तोडून टाकत.

"बॅटरी गार होईपर्यंत साप थांबतो होय?" असं वर मलाच विचारत.

एकदा त्यांनी काळ्या कागदावर तो उजेड टेकवून धरला. कागदातून धूर निघाला. हे खुशीत हसले आणि मी तो कागद ओढून मोरीत टाकला.

असली एक बॅटरी त्यांनी आमच्या लेकीला, स्मृतीला दिली होती. आमचं घर रायापूरला, तिचं कॉलेज हुबळीला विद्यानगरात. रोज बसनं जाणं-येणं, आणि रोज दारात तोच प्रश्न : "बॅटरी घेतलीस की नाही?" घेतली म्हटलं की हे बाजूला होत. पिशवीत टाकताना बॅटरीचं शेपूट, म्हणजे मागचं फिरकीचं झाकण, अर्धा आटा सैल करायचं, असा सक्त नियम होता. आट्यांवर कंपनीनंच दिलेला काळा थर असतो, त्यातून करंट जात नाही; शेपूट घट्ट बसून टोकाला टोक भिडलं तरच जातो. शेपूट सैल असलं की पुस्तकांच्या धक्क्यानं बटण दाबलं गेलं तरी ती पेटत नाही. स्मृती बिचारी नेमानं तसं करायची.

यंदा खंडेनवमीला काय झालं ते सांगते. त्या दिवशी घरातली हत्यारं घासूनपुसून पुजायची. आमच्याकडे विळी, हातोडी, माझी स्कूटर आणि शेवटी ह्यांच्या बॅटऱ्यांची रांग, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आदल्या दिवशी घासण्याचं काम माझ्या सासूबाईंनी, वेणूबाईंनी, अंगावर घेतलं. वेणूबाईंनी घासायला घेतलं की भांड्याला आपलं वय विसरावं लागतं. त्यात वावगं काही वाटलं नाही मला, ह्यांनाही नाही. लख्ख बॅटऱ्या बघून हे खूशच झाले.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी स्मृती नेहमीसारखी बसला गेली. हे कोर्टात निघायच्या तयारीत होते. त्यांनी बॅटरीचं शेपूट सैल केलं, खिशात घालताना बटणावर अंगठा पडला, आणि बॅटरी भक्कन पेटली.

हे तिच्याकडे बघतच राहिले. मग शेपूट पूर्ण उघडून आटे उजेडात धरले. पांढरेशुभ्र, चांदीसारखे.

"आई, हे आटे कुणी घासले?"

"मीच की रे," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "किती मळ साचला होता! काळा कुळकुळीत. चिंचेनं निघेना, तेव्हा तुझ्याच टेबलावरचा पॉलिश पेपर घेतला. सगळ्यांचे काढले बघ, स्मृतीच्यासुद्धा."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला आधी कळेना, मग उलगडलं. स्मृतीची बॅटरी आता बंद राहणार नव्हती. पिशवीत बटण दाबलं गेलं की पेटणार, पुस्तकं आणि कपडे यांच्या मध्ये पेटणार, आणि मंद होण्याची सोय तर तिच्या बापानंच तोडली होती. वर आत तो लिथियमचा सेल. तो तापून फुटला म्हणजे काय होतं, याचे व्हिडिओ ह्यांनीच मला दाखवले होते. आणि पिशवी मुलीच्या मांडीवर.

ह्यांनी फोन लावला. बसमधला गलका ऐकू आला.

"स्मृती, बॅटरी काढ! आधी बॅटरी काढ!"

"काढलेलीच आहे की अप्पा. पिशवीत आहे."

आणि फोन कटला.

आमच्या धारवाडकडे दिवा 'काढ' म्हणजे विझव. कानडीत 'लाईट तेगी' म्हणतात, तेच आमच्या मराठीत उतरलंय. पुण्याची माझी मावसबहीण आली होती, तिला सासूबाई "लाईट काढ" म्हणाल्या तर ती बल्ब काढायला स्टुलावर चढली होती. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आज हे म्हणत होते बाहेर काढ, आणि पोरीनं ऐकलं विझव. तिच्या लेखी ती विझलेलीच होती.

पुन्हा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाही. पुन्हा लावला. ह्यांच्या हातून स्कूटरची किल्ली दोनदा पडली. "तुम्ही मागं बसा," मी ओरडले आणि स्कूटर काढली. सासूबाई फाटकात येऊन "काय झालं रे?" विचारत होत्या. त्यांना काय सांगणार?

हुबळीच्या वाटेवरचं नवनगर मागं पडलं. मला एवढंच आठवतं की ह्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती आणि हे सारखं पुटपुटत होते, "मीच तोडलं, मीच तोडलं." गप्प बसा म्हणावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं तर मीच रडले असते. पुढं दिसणाऱ्या प्रत्येक बसमधून मला धूर निघताना दिसत होता. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही.

उणकलच्या अलीकडे एक बस कडेला उभी होती. माणसं खाली उतरली होती. मी स्कूटर कशी थांबवली कोण जाणे.

स्मृती फूटपाथवर बसली होती. एक फुलवाली तिच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत होती. बॅटरी पलीकडे वाळूच्या ढिगात रुतली होती, उन्हातसुद्धा उजेड दिसत होता. कंडक्टर आम्हाला सांगू लागला, "चीलदाग होगी बराकत्तित्तु नोडरी!" पिशवीतून धूर येत होता. त्यानं पिशवी टाक म्हटलं, पण आजूबाजूला लेकरंबाळं घेतलेल्या बायका. तेव्हा स्मृतीनंच आत हात घातला, ती तापलेली बॅटरी धरली, दारापर्यंत नेली आणि बाहेर फेकली. बॅटरीभोवती गुंडाळलेल्या काळ्या स्वेटरला हाताएवढं भोक पडलं होतं. तळहात लालबुंद, मधे फोड टरारलेला.

हे आधी वाळूकडे गेले. रुमालात धरून शेपूट उघडलं, सेल दूर टाकला. मग येऊन पोरीसमोर उकिडवे बसले. 

"स्मृती, मी… अंधारात तुला काही होऊ नये म्हणून…"

"अप्पा," ती म्हणाली. आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. "मला अंधाराची भीती कधीच वाटली नाही. नेली नाही तर तुमचा जीव दिवसभर टांगणीला लागतो. म्हणून नेत होते."

फुलवालीनं पाणी ओतायचं थांबवलं. तिला मराठी येत नसावं, पण ती ह्यांच्याकडे बघत राहिली.

"आता नाही नेणार," स्मृती म्हणाली. "कुठलीच."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता हे काहीतरी म्हणणार, निदान छोटी तरी ने, असं म्हणणार, याची मला खात्री होती.

"बरं," हे म्हणाले. कसंबसं, पण म्हणाले.