भेटीच्या होड्यांचा तळ

एका लहानशा बेटावरच्या मच्छीमारांना मी फसवलं. लहान बेटांच्या देशांशी मैत्री वाढवायची असं सरकारचं धोरण ठरलं, आणि तिकडे भेट पाठवायच्या फायबरच्या होड्यांचं काम रत्नागिरीतल्या माझ्या कारखान्याला मिळालं. दिल्लीहून आलेल्या साहेबांनी भाव इतका पाडला की माझं डोकं फिरलं.

"देशाच्या मैत्रीत कसली घासाघीस करता?" ते म्हणाले.

"मैत्री तुमची साहेब, माल माझा," मी म्हणालो, आणि रागाच्या भरात प्रत्येक होडीच्या तळाला फायबरचे दोन थर कमी दिले. आमच्या किनाऱ्यावर, बुरोंडीच्या वाळूवर ओढायला तेवढा तळ पुरला असता.

होड्या न्यायला त्या बेटावरचा एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आला होता. त्याने तळावरून हात फिरवला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "आमच्याकडे प्रवाळाचे खडक आहेत. टिकेल ना?"

"बिनधास्त न्या," मी म्हणालो. आपल्या रिवाजाप्रमाणे त्याच्याच हातून समुद्राला नारळ वाहिला.

पहिल्याच हंगामात एका होडीचा तळ खडकावर फाटला. माणसं पोहत किनाऱ्याला लागली. तांडेलाने मला फोटो पाठवला, पण तक्रार केली नाही. आमच्याच हातून चूक झाली असेल, तळ सांधायचा कसा तेवढं सांगा, असं त्याने लिहिलं होतं. मला घरात कुणाकडे मान वर करून बघवेना.

मी त्याला खरं काय ते कळवलं आहे. पण माल ताब्यात घेताना एकही होडी उलटी करून न बघता सगळ्या पास करणाऱ्या दिल्लीच्या त्याच साहेबांनी नेमकं काय तपासलं, ते त्यांनी त्या तांडेलाला सांगावं.