एकोणीस लाल गोल

शाळेत सरांना सगळे 'समानार्थी' म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण शाळेच्या भिंती पातळ, त्यामुळे सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, ही आतली गोष्ट. एका पानावर एक शब्द दोनदा आला की त्यांचं लाल पेन बाहेर यायचं. 'सूर्य उगवला, सूर्य तापला' असं कुणी लिहिलं की ते पोरगं उभं. "बाकीचे मेले का रे? भास्कर कुठे गेला? दिनकर काय रजेवर आहे?" वर्ग खिदळायचा. सरांनी लग्न का केलं नाही, याचंही कारण पोरांनी शोधून ठेवलं होतं: बायकोला दर हाकेला नवं नाव द्यावं लागलं असतं.

त्यांची रीतही ठरलेली. आधी कच्चं लिहायचं, सरांकडून लाल करून घ्यायचं, मग पक्कं उतरवायचं आणि कच्चा कागद स्वतःच्या हातानं फाडून टोपलीत टाकायचा. "उष्टं ताट कुणी जपून ठेवतं का?" असं म्हणत टोपली सर स्वतः पुढे करायचे.

शिक्षकांच्या खोलीत मात्र ते पाऊल ठेवत नसत. तिथे एकीच्या हातात लोकरीचा गुंडा आणि दुसरीच्या तोंडात बातमी, मधली सुटी संपेपर्यंत कुणाचं तरी अख्खं आयुष्य विणून तयार. सरांना त्याचा तिटकारा. ते जिन्याखालच्या कपाटाशी खुर्ची टाकून वह्या तपासत बसायचे. आता गप्पांना नाकं मुरडणाऱ्यांची एक पंचाईत असते. जगात काय घडलं ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळतं.

सातवीत तिसऱ्या बाकावर शिंप्याची मुलगी बसायची. सर तिला इतरांपेक्षा जास्त रागवायचे, म्हणजे लाडकी होती. त्या वर्षी सर एक जुनं नाटक शिकवत होते. त्यात राजपुत्राला देशाबाहेर घालवतात आणि निघण्याआधी तो आईला पत्र लिहितो. "त्याच्या जागी तुम्ही आहात," सर म्हणाले, "लिहा."

सगळ्यांनी लिहिलं. शिंप्याची मुलगी पंधरा दिवस शाळेतच आली नाही. आली तेव्हा मुकाट्यानं एक कागद टेबलावर ठेवला.

"एव्हाना राजपुत्र सीमेपार पोचला असेल बाईसाहेब," सर म्हणाले.

"हो सर."

सरांनी लाल पेन काढलं. पानभर 'आई'. मोजली तर एकोणीस वेळा. प्रत्येकीभोवती त्यांनी गोल काढला आणि समासात लिहिलं: माता, जननी, माउली, जन्मदात्री. पर्याय वापरा. पत्रात एके ठिकाणी शिवणयंत्राचा आवाज होता. तिथे त्यांनी शेरा मारला: राजवाड्यात शिवणयंत्र? काळाचं भान ठेवा.

दुसऱ्या दिवशी पक्कं आलं. एक शब्द पुन्हा नाही. यंत्राच्या जागी वीणा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सरांनी दहापैकी दहा दिले, वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि टोपली पुढे केली. मुलीनं कच्चा कागद एकदा फाडला, थांबली, मग बारीक बारीक फाडला.

"छान," सर म्हणाले.

आठवड्यानं जिन्यात चित्रकलेच्या बाईंनी त्यांना गाठलं. "काय हो, छातीत काळीज आहे की डस्टर? त्या पोरीकडून आईला पत्र लिहून घेतलंत?"

"राजपुत्राच्या आईला."

"तिची आई गेली, महिना नाही झाला. शाळेतल्या घंटेलासुद्धा माहीत आहे."

सर वर्गात जाऊन टोपलीपाशी उभे राहिले. टोपली रोज संध्याकाळी रिकामी होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी मुलीला बोलावलं. पुन्हा लिही म्हणाले, हवा तो शब्द हवा तितक्या वेळा.

"पक्कं झालंय ना सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

शनिवारी ते शिंप्याच्या दुकानात गेले. चिंचोळी खोली, दोन यंत्रं. एक चालू, दुसऱ्यावर चादर घातलेली. मुलगी आत स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावत होती. शिंप्यानं टेप गळ्यातून काढून खुर्ची पुसली.

"बरं झालं आलात सर. मीच येणार होतो. पोरगी घरात आईचं नाव काढत नाही. मी काढलं तर उठून जाते. शाळेत काहीतरी लिहिलंय म्हणे. तेवढं वाचायला द्याल? मला वाचायला वेळ लागतो, पण लावीन अक्षराला अक्षर."

सरांनी खिशातून पक्कं काढलं. शिंपी बोट ठेवून वाचू लागला. "हे जन्म... दात्री." त्यानं वर पाहिलं. "ही कोण?"

शिंप्यानं पुढच्या चार ओळी वाचल्या आणि कागदाची नीट घडी घातली. "हे चांगलंच आहे, तुम्ही शिकवलंय म्हटल्यावर. पण आधीचं कुठाय?"

"फाडलं."

"कुणी?"

"तिनंच. मी टोपली धरली होती."

शिंप्यानं मान हलवली. दोऱ्याचं रीळ उगाच इकडचं तिकडे ठेवलं. "असू दे. पण तुम्ही वाचलं होतंत ना? काय होतं त्यात?"

सरांनी डोळे मिटले. शंभर श्लोक तोंडपाठ असलेला माणूस. पण त्या पानातलं एकही वाक्य त्यांना काही केल्या सापडेना. दिसत होते ते लाल गोल आणि समासातलं स्वतःचं अक्षर.

"आई," ते म्हणाले. "एकोणीस वेळा. आणि शिवणयंत्राचा आवाज."

"यंत्राचं काय?"

"ते मी काढायला लावलं."

"बास? एवढंच?"

आतून दोरा तोडल्याचा आवाज आला.

"एकवीस वेळा," मुलगी म्हणाली. "दोन तुम्हाला दिसल्या नाहीत सर."

"कुठल्या गं?" शिंपी पुढे झुकला. "सांग की बाळ."

तिनं पुढचा शर्ट मांडीवर घेतला आणि सुईत दोरा ओवू लागली. शिंपी तिच्या तोंडाकडे बघत बसला. सरही बसले. बाहेर एक गिऱ्हाईक पिशवी घेऊन बराच वेळ उभं होतं. त्याला कुणी या म्हटलं नाही.