थांबलेला पंखा

कोल्हापुरात माझ्याइतका हुशार मीच, हे मी त्या दुपारपर्यंत गल्लीभर सांगत होतो. माझ्या रिपेअरीच्या दुकानात शटर ओढून, अंधार करून मी चिपवर प्रोग्रॅम लिहून एलईडी असा मंद करून दाखवत होतो, की सूर्यानं मावळायला माझ्याकडं शिकवणी लावावी. बाकावर कबनूरचा एक यंत्रमाग कामगार मिक्सर दुरुस्त व्हायची वाट बघत होता. उजवा हात खिशात.

दिवा मंद होत गेला आणि त्याच्या उजेडात टेबलावर चालू ठेवलेल्या, जाळी काढलेल्या पंख्याची लोखंडी पाती जागीच थांबली. माझ्या बडबडीत मला त्याची घरघर कुठली ऐकू येणार? पंखा बंद पडला समजून मी हात घातला, तोच त्या कामगारानं माझं मनगट धरलं.

"चालू हाय त्यो, पावणं."

"थांबलेला दिसतोय की."

"दिवा मंद होत न्हाय तुमचा. भराभरा उघडझाप करतोय. डोळा फसतोय."

प्रोग्रॅममध्ये मी स्वतःच तेवढंच लिहिलं होतं. लाव, विझव, लाव, विझव.

मनगटावरच्या त्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती.

"मला बी असल्याच दिव्याखाली मागाचं चाक थांबल्यालंच दिसलतं," तो म्हणाला.

बाकी सगळ्या गोष्टी मी वाढवून सांगतो. ही आहे तेवढीच सांगतो.