बाबांच्या टाचेवरची पट्टी

बाबांच्या टाचेवरच्या जखमेवर सिस्टरनी दुधट, ओलसर पट्टी बसवली. समुद्रातले जीवाणू अंगाभोवती जो चिकट थर करतात, त्यापासून ती बनवलेली. "चार दिवस उघडायची नाही हं," त्या म्हणाल्या.

मला काही ते पटेना. होडी वाळूवर ओढली की तिच्या तळाचा असाच बुळबुळीत थर आम्ही करवंटीने खरवडून काढायचो. तो आता मधुमेही माणसाच्या उघड्या मांसावर? जखमा चिघळवतात तेही जीवाणूच ना? रोज सकाळी मी पट्टीचं टोक उचलून बघू लागलो.

सिस्टर पुन्हा आल्या आणि थबकल्या. "ही कोणी उघडली? भरत आलेली कातडी सोलून निघालीय."

"हा बघतो रोज," बाबा हसून म्हणाले. "पोलीसच झालाय." मग हळूच म्हणाले, "चप्पल लागते म्हणून महिनाभर सांगत होतो, तेव्हा नाही रे वाकून बघितलंस."

चप्पल मीच आणली होती. नवी आहे, सैल होईल, असं मोबाइलवरून नजर न काढता मी म्हणत राहिलो होतो.

सिस्टरनी नवी पट्टी लावली. ते समुद्रातले जीवाणू खडकाला धरून राहण्यासाठी तो चिकट थर करतात. बाबा कोण, हे त्या जीवांना ठाऊक नाही. ज्याला ठाऊक होतं, त्या स्वतःवर मात्र मी कधीच संशय घेतला नव्हता.

आज सकाळी त्यांचं पांघरूण नीट करायला वाकलो. बाबांनी डोळे न उघडताच पाय आत ओढून घेतला.